अमेरिकन बायर ‘चॅप्टर ११’मध्ये गेला; दोन बिलं थकलेली, एक कंटेनर समुद्रात

सोलापुरातल्या एका टेरी टॉवेल कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमधला आठ वर्षांचा बायर गेल्या मंगळवारी ‘चॅप्टर ११’मध्ये गेला, म्हणजे देणी झेपेनात म्हणून कंपनी सावरण्यासाठी त्याने कोर्टात अर्ज केला; केस मात्र डेलावेअरच्या कोर्टात आहे. व्यवहार सगळा ओपन अकाउंटवर, साठ दिवसांच्या उधारीचा. पहिलं बिल ४२,००० डॉलरचं, तो माल दोन महिन्यांपूर्वीच पोचला. दुसरं ३८,५०० चं. त्याचं बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) अर्जाच्या ५२ दिवस आधीचं, माल गोडाऊनला लागला अर्जाच्या ११ दिवस आधी. तिसरा ४०,००० चा कंटेनर अजून समुद्रात आहे, दहाएक दिवसांत ह्यूस्टनला लागेल. अर्जाच्या पाच आठवडे आधी बायरने ३१,००० डॉलर भरले होते. अमेरिकेतली ड्युटी वाढल्यापासून प्रत्येक बिलावर ८ टक्के सूट देणं चालू होतं. आता तोच बायर नवी ऑर्डर मागतोय, पुन्हा साठ दिवसांवर. मुलगा बातम्या वाचून सांगतो की परदेशात जाणाऱ्या पैशांवर २५ टक्के कर लावणारा कायदा अमेरिकेत येतोय. १,२०,५०० डॉलरवर पाणी सोडायचं का?

आधी कोर्टाचं पत्र बाजूला ठेवा आणि फॉरवर्डरला, म्हणजे माल जहाजाने धाडणाऱ्या एजंटला, फोन लावा. बाकी सगळं दोन दिवस थांबेल, जहाज थांबणार नाही.

फॉरवर्डरला एवढंच विचारा: ओरिजिनल बीएल कुठे आहे? तुमच्या कपाटात किंवा बँकेत असेल तर नशीबवान आहात, ते कुणालाही देऊ नका. ओपन अकाउंटवाले बहुतेक जण माल जहाजावर चढला की लगेच टेलेक्स रिलीज, म्हणजे ओरिजिनल बीएल न दाखवता माल सोडायची परवानगी, देऊन मोकळे होतात. तसं केलं असेल तरी हातपाय गाळू नका. बायर नादार झाल्याचं कळलं की रस्त्यातला माल थांबवण्याचा विक्रेत्याचा हक्क अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये आहे, कलम २-७०५. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही तो आहे. माल बायरच्या ताब्यात जाईपर्यंत तो वापरता येतो. शिपिंग लाइनला आजच लेखी कळवा: बीएल नंबर, कंटेनर नंबर, बायर नादार झाला आहे, डिलिव्हरी देऊ नये. फोनवर सांगून भागत नाही. कंपनीचा स्थानिक एजंट “बघतो साहेब” म्हणेल आणि तिकडे ट्रक गेटबाहेर पडलेला असेल.

माल थांबवला म्हणजे सुटलो असंही नाही. ह्यूस्टनच्या यार्डात भाडं चढत राहतं. दुसरा बायर शोधावा तर टॉवेलच्या बॉर्डरमध्ये पहिल्याच्या ब्रँडचं नाव विणलेलं. लेबल उसवता येतं, जॅकार्डमधलं नाव कसं उसवणार? परत मागवावा तर ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल या सरकारी कर-परताव्यांचे मिळालेले पैसे परत करावे लागतात, जहाजाचं भाडं दुप्पट पडतं ते वेगळंच. म्हणून माझ्या हातून थांबलेले बहुतेक कंटेनर शेवटी त्याच बायरला गेले आहेत, फक्त पैसे आधी मोजून घेऊन. थांबवण्याचा खरा उपयोग तोच. नादार झाल्यावरसुद्धा त्याला दुकानं चालवायची असतात, आणि शेल्फवर टॉवेल नसतील तर दुकान कसलं?

इथेच ‘चॅप्टर ११’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बातम्यांत सरसकट ‘दिवाळखोरी’ छापतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टाळं लागलेलं दुकान येतं. टाळं लावणारं प्रकरण म्हणजे ‘चॅप्टर ७’. अकरावं प्रकरण सावरण्यासाठी आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनी एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली की संचालक मंडळ बाजूला होतं आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल खुर्चीत बसतो. अमेरिकेत जुनेच मालक, जुनेच मॅनेजर, त्याच खुर्चीत. तुमची ऑर्डर काढणारी बाई उद्याही तीच असेल, ई-मेलही तोच. बदललेली असते एकच गोष्ट: अर्जाच्या तारखेला एक रेघ ओढली गेलेली असते. रेघेअलीकडचं देणं वेगळं, पलीकडचं वेगळं. जुन्या देण्याची वसुली त्या क्षणी आपोआप गोठते, त्याला ऑटोमॅटिक स्टे म्हणतात. म्हणून बायरला लिहिताना एक वाक्य कटाक्षाने टाळा: “जुने पैसे दिल्याशिवाय नवा माल नाही.” स्टे मोडल्याचा कागदोपत्री पुरावा तुम्हीच हातात दिलात असं होतं. “यापुढे माल आगाऊ पैशांवरच” एवढंच लिहा. त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. नादार बायरला रोखीशिवाय माल नाकारायची मुभा वर सांगितलेला कमर्शियल कोडच देतो.

आता दुसरं बिल, ३८,५०० चं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा आकडा मला तिथे दिसला: ११ दिवस.

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात ५०३(बी)(९) असं एक पोटकलम आहे. अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत नादार कंपनीच्या हाती पोचलेल्या मालाची किंमत इतर उधारीच्या रांगेत उभी राहत नाही, ती प्रशासकीय खर्चात धरतात. म्हणजे वकिलांची फी, केस चालू असतानाचं भाडं, यांच्या पंगतीत. सावरण्याचा प्लॅन मंजूर व्हायचा तर हे देणं पूर्ण चुकवावं लागतं, किंवा घेणेकऱ्याशी वेगळं ठरवावं लागतं. साध्या उधारीला रुपयात दोन आणे मिळाले तरी लोक पेढे वाटतात, हे लक्षात घेता फरक किती मोठा ते कळेल. हे फक्त मालाला आहे, सेवेला नाही. डिझाइनचे, सॅम्पलिंगचे पैसे वेगळे लावले असतील तर ते यात बसत नाहीत.

पण ‘हाती पोचला’ म्हणजे कधी? इथे मी एकदा जबर मार खाल्लाय.

२०१४ ची गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माझा एक जुना क्लायंट, त्याचा अमेरिकन बायर असाच गेला. मी बीएल काढलं, तारीख मोजली: अर्जाच्या ४० दिवस आधीची. व्यवहार एफओबी न्हावा शेवा. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढला की जोखीम बायरची, मालकी बायरची, हे वीस वर्षं कागद करणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. मी म्हणालो, माल चढला तेव्हाच त्याला मिळाला, २० दिवसांच्या बाहेर आहे, साधा दावा टाकू. टाकला. खरं तर तो कंटेनर बायरच्या गोडाऊनला अर्जाच्या जेमतेम आठवडाभर आधी लागला होता. वकिलाला विचारायची फी वाचवली, आणि क्लायंटच्या हाती शेवटी एक चेक आला जो वटवायला बँकेने लावलेला आकार ऐकून तो हसला. मी नाही हसलो.

त्याच सुमाराला फिलाडेल्फियाकडच्या ‘वर्ल्ड इम्पोर्ट्स’ नावाच्या फर्निचर कंपनीची केस कोर्टात चालली होती. चीनमधल्या दोन पुरवठादारांचा माल, तोही एफओबी, जहाजावर चढला २० दिवसांच्या बाहेर आणि बायरच्या हाती पडला २० दिवसांच्या आत. खालच्या दोन कोर्टांनी माझ्यासारखाच हिशेब केला. पुरवठादारांनी सोडलं नाही. २०१७ मध्ये थर्ड सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या काही राज्यांवरच्या, अपील कोर्टाने ते निकाल फिरवले: ‘मिळणे’ म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात येणे. जोखीम कुठल्या बंदरात कुणाकडे गेली याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही, आणि माल जहाज कंपनीच्या ताब्यात आहे म्हणजे बायरच्या ताब्यात आहे असंही नाही.

सोलापूर-इचलकरंजीच्या माणसाला या एका निकालाची किंमत कळायला नकाशा उघडावा लागत नाही. ह्यूस्टनपर्यंत सवा-दीड महिना सहज लागतो, जहाज केपला वळसा घालून गेलं तर आणखी. बीएलच्या तारखेने मोजलं असतं तर आपला माल २० दिवसांत कधीच बसला नसता; हे कलम फक्त शेजारच्या राज्यातून ट्रकने माल धाडणाऱ्यांसाठी उरलं असतं. आता मोजणी गोडाऊनच्या दारापासून. म्हणून तुमच्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद बीएल नाही, तिकडच्या ट्रकवाल्याने गोडाऊनला सही घेऊन ठेवलेली डिलिव्हरीची पावती आहे. ती तुमच्याकडे नसते. फॉरवर्डरच्या अमेरिकन एजंटकडे असते, आणि तो काही महिन्यांनी पुसून टाकतो. आजच मागवा. सोबत कंटेनर ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट, रिकामा डबा परत केल्याच्या तारखेसकट. रिकामा डबा अर्जाच्या तारखेआधी परत आला असेल तर माल त्याआधीच उतरला, हे कुणालाही पटतं.

मालाचं मूल्य किती लिहायचं? इथे तुमची ८ टक्क्यांची सूट आडवी येते. ३८,५०० वर ८ टक्के म्हणजे ३,०८० डॉलर. सूट धरली तर दावा ३५,४२० चा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेलं, पुढेही आकडा एका जागी राहिला नाही, आणि त्या धांदलीत जवळजवळ प्रत्येक निर्यातदाराने असल्या सुटी देऊन टाकल्या, बऱ्याचदा नुसत्या ई-मेलवर. तो ई-मेल काढून वाचा. ‘वेळेत पैसे आले तर’ असा एक शब्दही त्यात असेल तर पूर्ण ३८,५०० मागा, कारण वेळेत पैसे आलेले नाहीत. बिनशर्त दिली असेल तर ३५,४२० च मागा. दावा फुगवला की तपासणीत तोच आधी बाजूला काढतात. पुढच्या क्रेडिट नोटवर मात्र ती अट टाईप करायला विसरू नका.

हे ५०३(बी)(९) आलं कसं तेही सांगतो, कारण कायद्याच्या बातम्या कशा वाचायच्या हा तुमच्या मुलाचा प्रश्न त्याच धाग्याचा आहे. ते २००५ च्या दुरुस्ती कायद्यातलं. जॉर्ज बुश यांनी त्यावर एप्रिलमध्ये सही केली, ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्याआधी कैक वर्षं अमेरिकन संसदेत त्यावरून जी भांडणं झाली ती सगळी क्रेडिट कार्डवाल्या सामान्य माणसाला कर्जमाफी सोपी असावी की अवघड याच्यावर. वर्तमानपत्रांत तेच. त्या जाडजूड बाडात माल पुरवणाऱ्यांसाठी एक-दोन ओळींचं पोटकलम आहे, याची मथळ्यात दखल कोण घेणार! तुमचे ३८,५०० आज ज्या ओळीवर उभे आहेत ती अशी आली.

उलट ज्यांचे मथळे झाले ती कितीतरी बिलं, म्हणजे कायद्याची विधेयकं, संसदेच्या कमिटीतच राहिली. टेक्सासची कंपनी डेलावेअरला का गेली असं तुम्हाला वाटलं असेलच. अमेरिकेचा कायदा अर्ज कुठे करायचा याची कंपनीला सवड देतो: जिथे नोंदणी आहे तिथे, जिथे मुख्य धंदा किंवा मालमत्ता आहे तिथे, किंवा जिथे एखाद्या भगिनी कंपनीची केस आधीच चालू आहे तिथे. म्हणजे एक छोटी भगिनी कंपनी त्या राज्यात दाखवली की सगळं कुटुंब तिच्या मागोमाग. ‘अ‍ॅट होम’ हे घरगुती सामानाचं टेक्सासमधलं मोठं नाव जून २०२५ मध्ये असंच डेलावेअरला गेलं. ही पळवाट बुजवण्याचं बिल २०१८ मध्ये टेक्सासचे रिपब्लिकन कॉर्निन आणि मॅसॅच्युसेट्सच्या डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरन यांनी मिळून आणलं. हे दोघं एरवी एका पानावर क्वचितच सापडतात. तरी झालं नाही, पुढे पुन्हा आणलं, पुन्हा नाही. माझं मत विचाराल तर डेलावेअरसारख्या चिमुकल्या राज्यातल्या वकिलांचा, हॉटेलांचा, कोर्टाभोवतीच्या सगळ्या बाजाराचा चरितार्थ यावर आहे, आणि तिथल्या सेनेटरांना ते नीट माहीत असतं. तुमच्यासाठी मात्र गंमत अशी की ती पळवाट आज तुमच्या पथ्यावर पडली. डेलावेअर थर्ड सर्किटमध्ये येतं, ‘वर्ल्ड इम्पोर्ट्स’चा निकाल तिथे बंधनकारक आहे. केस टेक्सासमध्ये असती तर तोच निकाल दाखवून पटवावं लागलं असतं.

आता ते २५ टक्के. मुलाने वाचलेलं खोटं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोचे रिपब्लिकन सेनेटर बर्नी मोरेनो यांनी ‘हायर’ नावाचं बिल मांडलं: अमेरिकन कंपनीने परदेशातल्या माणसाकडून सेवा घेतली तर त्या पैशांवर २५ टक्के कर. सेवा! हिंजवडीतल्यांनी घाबरायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, टॉवेलचा त्यात संबंध नाही. आणि बिल मांडणं म्हणजे कायदा होणं नव्हे. तिथे एकटा सेनेटर बिल मांडू शकतो, मग ते कमिटीकडे जातं, आणि बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो. दर दोन वर्षांनी संसद नवी बसते, त्या वेळी अर्धवट राहिलेली सगळी बिलं आपोआप निकाली. आत्ताची ११९ वी संसद जानेवारी २०२७ च्या सुरुवातीला संपते. संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक बिलाच्या पानावर ते कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. ‘इंट्रोड्यूस्ड’वर, म्हणजे नुसतं मांडलं गेलं या टप्प्यावर, अडकलेलं असेल तर वर्तमानपत्राची घडी घाला.

टप्पा पुढे गेला तरी आकडा तोच राहत नाही. न्यू जर्सीतले आपले नातेवाईक २०२५ च्या मे महिन्यात काय घाबरले होते ते आठवा. घरी पैसे पाठवण्यावर आधी ५ टक्के कर म्हणत होते, प्रतिनिधीगृहात ३.५ टक्के करून मंजूर झाला. मुंबई-पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरणारे लोक घाईघाईने पैसे पाठवत सुटले. सेनेटमधून बाहेर पडला तेव्हा उरला १ टक्का, तोही रोख रक्कम, मनीऑर्डर वगैरे देऊन पाठवलं तरच. बँक खात्यातून पाठवलेल्याला नाही. ४ जुलैला सही झाली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. ज्यांनी घाई केली त्यांनी विनिमयात जे गमावलं ते गमावलं.

परत आपल्या बिलांकडे. पहिलं, ४२,००० चं, हे साधं विनातारण देणं. याच्या मागे बँका आहेत, रोखेधारक आहेत, घरमालक आहेत. यातून काय येईल ते विचारू नका, हिशेबात शून्य धरा आणि दावा मात्र टाकाच. दावा टाकायला वकील लागत नाही, फी नाही. फॉर्म ४१० नावाचा तीन-चार पानी कागद आहे. क्रोल, एपिक, स्ट्रेटो, व्हेरिटा अशा एजन्सी कोर्टाच्या वतीने दावे गोळा करतात, तुमच्या पत्रावर कुणाचं नाव आहे ते बघा आणि त्यांच्या साइटवर भरा. ३८,५०० वाला भाग त्यातच वेगळ्या रकान्यात दाखवायचा असतो, काही केसेसमध्ये त्याला वेगळी तारीख आणि वेगळा अर्ज असतो. शेवटच्या दिवसाची मुदत बहुतेकदा अमेरिकन पूर्व किनाऱ्याच्या संध्याकाळी पाचची असते; आपल्याकडे तेव्हा पुढच्या दिवशीचे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन. शेवटच्या रात्री जागत बसू नका. माझ्या एका क्लायंटच्या ऑफिसात असलं इंग्रजी पाकीट जाहिरात समजून रद्दीत गेलं, रद्दीवाल्याकडून परत आणेपर्यंत मुदत टळली होती. कंपनीनेच कोर्टात दिलेल्या यादीत तुमचं नाव आणि आकडा बरोबर असेल, आणि पुढे ‘वादग्रस्त’, ‘अनिश्चित’ असं काही लिहिलेलं नसेल, तर दावा न टाकताही तो धरला जातो. पण त्या यादीवर विसंबून राहणारा मी नाही. यादीत आकडा कमी असणं हा नियम आहे म्हणा.

दावा नोंदला की दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या फंडांची पत्रं सुरू होतील: तुमचा दावा आम्हाला विका, डॉलरला इतके सेंट, चेक लगेच. हे लोक भामटे नाहीत, तो राजरोस धंदा आहे. पहिल्या बिलासाठी जरूर विचार करा, हातात आलेले पैसे ते आपले. फक्त करारात दावा फेटाळला गेला तर पैसे व्याजासकट परत करायचं कलम कुठे लपलंय ते शोधा. असतंच. दुसरं बिल इतक्यात विकू नका.

३१,००० डॉलरचं काय, ते तुम्ही विचारलंच नाहीत, पण ते मला झोपेत आठवलं असतं. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत जुन्या उधारीपोटी मिळालेले पैसे कंपनी परत मागू शकते. ऐकून माणूस चिडतो: आमचेच पैसे, आम्हीच परत द्यायचे? तत्त्व असं की बुडण्याआधी मर्जीतल्या चार जणांना देऊन बाकीच्यांना वाऱ्यावर सोडू नये. बचाव दोन. पैसे नेहमीच्या चालीने आले असतील, म्हणजे आठ वर्षं ६०-७० दिवसांनी येत होते आणि हेही तसेच, तर ते सुटतात. त्यानंतर तुम्ही उधारीवर दिलेला आणि न भरलेला माल त्यातून वजा होतो. मात्र त्याच मालावर २० दिवसांचं प्राधान्यही घेता येतं का, यावर तिथल्या कोर्टांचं एकमत नाही. म्हणून गेल्या दोन वर्षांतलं प्रत्येक बिल आणि प्रत्येक पेमेंट, तारखेसकट, एका एक्सेलमध्ये आत्ताच काढून ठेवा. ही नोटीस साधारण दीड-दोन वर्षांनी येते, तोवर अकाउंटंट बदललेला असतो.

“सोलापुरात येऊन काय करणार आहेत?” असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकन कोर्टाचा हुकूम आपल्याकडे सरळ अंमलात येत नाही हे खरं, त्यासाठी इथे वेगळा दावा लावावा लागतो. पण दावा टाकलात की तुम्ही त्या कोर्टाच्या अखत्यारीत आलात, आणि परत मागितलेले पैसे दिल्याशिवाय तुमचा दावा अडवून धरता येतो. तरी दावा टाका, असंच मी म्हणेन. ३१,००० च्या भीतीने ८०,५०० सोडायचे नाहीत.

बँकेला आजच कळवा, बिलं डिस्काउंट केलेली (बँकेकडून आगाऊ उचल घेतलेली) असोत नसोत. निर्यातीचे पैसे आणायची मुदत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ केली, त्यामुळे जरा श्वास घेता येतो, पण बँकेच्या नोंदीत बिल उघडं दिसत राहतं आणि पुढच्या पॅकिंग क्रेडिटच्या (माल बनवण्यासाठीच्या निर्यात कर्जाच्या) वेळी तेच बोट दाखवतात. ईसीजीसीची, म्हणजे सरकारी निर्यात-उधारी विमा कंपनीची, पॉलिसी असेल तर बायरची नादारी ही त्यातली मूळ जोखीमच आहे. कळवण्याची मुदत पॉलिसीत बघा आणि नादारी कळल्यानंतर त्यांना न विचारता एकही शिपमेंट करू नका, नाहीतर जुना क्लेमही अडकतो. तिसऱ्या कंटेनरचं जे काही ठरवाल तेही त्यांच्या कानावर घालून.

बायरला एक सभ्य पत्र लिहा आणि विचारा, कोर्टाने पहिल्याच दिवशी परदेशी पुरवठादारांचं काही जुनं देणं चुकवायची परवानगी दिली आहे का, आणि आमचं नाव त्यात बसतं का. असे अर्ज मोठ्या केसेसमध्ये नेहमी होतात, कारण परदेशातल्या माणसाला स्टेची भीती कमी असते हे कंपनीलाही कळतं. मिळाले पैसे तर बदल्यात पुढे जुन्याच अटींवर माल द्यायचा करार पुढे करतील. तिथे सावध. ‘जुन्या अटी’ म्हणजे साठ दिवस.

कारण नादारीनंतरच्या उधारीलाही प्राधान्य असतं, ती बुडत नाही, असं बायरची खरेदीखात्यातली माणसं मनापासून सांगतात. कागदावर बरोबर आहे. ‘टॉयज आर अस’च्या पुरवठादारांनाही २०१७ च्या सप्टेंबरात तेच सांगितलं होतं. त्यांनी ख्रिसमससाठी माल भरला, मार्चमध्ये कंपनीने दुकानं गुंडाळायची ठरवली, आणि प्राधान्यवाल्या देण्यालाही पैसे पुरले नाहीत. तुटपुंज्यावर तडजोड करावी लागली. ‘सीअर्स’चा प्लॅन २०१९ मध्ये मंजूर झाला, तो अमलात यायला २०२२ उजाडलं. ही शक्यता तुमच्या ३८,५०० लाही लागू आहे, म्हणून ते पैसे आले असं धरून सूत बुक करू नका. आणि उद्या कंपनी विकली गेली, त्याच नावाची वेबसाइट पुन्हा झळकली, तर हुरळून जाऊ नका. ‘बेड बाथ अँड बियाँड’ एप्रिल २०२३ मध्ये गेली, जूनमध्ये तिचं नाव ‘ओव्हरस्टॉक’ने २.१५ कोटी डॉलरला घेतलं. नाव तेच, पण टॉवेलवाल्यांचं जुनं देणं त्या नावाबरोबर गेलं नाही.

नवी ऑर्डर घ्या. माग बंद ठेवून कुणाचं भलं होत नाही, आणि हा बायर तरला तर आठ वर्षांची ओळख कामाला येईल. निम्मे पैसे सूत उचलायच्या आधी, निम्मे कंटेनर सोलापुरातून हलायच्या आधी. साठ दिवस नाही, तीस नाही, “या वेळेपुरतं” तर नाहीच. ते स्विफ्टची (पैसे पाठवल्याच्या बँक संदेशाची) प्रत पाठवतील आणि रात्री फोन करतील की पैसे निघाले, तुम्ही डाइंगला लावा. खात्यात जमा झाल्याची नोंद बँकेकडून येईपर्यंत रंगाचा ड्रम उघडायचा नाही.